दहा कागदांवरचा एकच डाग

सगळे हसले, एक माणूस हसला नाही.

टेमघरच्या नाक्यावर कोंडूची चहाची टपरी. सकाळची शिफ्ट सुटलेली, कापडाच्या लूमचा खडखडाट चारी बाजूंनी चालू. तो आम्हाला ऐकू येत नाही, वीज गेली आणि थांबला तरच आम्ही दचकून वर बघतो. मी माझी नेहमीची गोष्ट सांगत होतो. कशेळीच्या खाडीत भरतीच्या पाण्यावर एक होडी येते, होडीत रेशमी सुताच्या पेट्या, सुताच्या कोनांच्या, त्या पुठ्ठ्याच्या शंकूंच्या, पोटात गुंडाळून घातलेले सरकारी बाँड. परदेशात छापलेले, पण असे हुबेहूब की सरकारने आपला खरा त्याच्या शेजारी ठेवला तर लाजून आपलाच फाडून टाकावा. आणि त्यांतले दहा माझ्या घरी, बिस्किटांच्या डब्यात. ‘लडकूदादा, परवा आठ बोल्ला होतास,’ कोंडू गाळणं आपटत म्हणाला. ‘व्याले दोन,’ मी म्हणालो. हशा झाला. बशा वाजल्या. कोपऱ्यातल्या बाकावर राखाडी सफारीतला एक माणूस बसला होता, मांडीवर रेक्झिनची पिशवी, समोरच्या चहावर साय धरलेली. तो हसला नाही. बाकीचे पांगले, तसा सरकून माझ्या बाकाच्या टोकाला आला आणि हळूच म्हणाला, ‘डबा कुठल्या बिस्किटांचा?’

चाळीस वर्षं मी गप्पा मारतोय. मी वाघाला बिडी पाजली आहे, कल्याणच्या पुलावरून पडून पुलाच्या आधी खाली पोचलो आहे, तानसाच्या धरणात सुसरीच्या पाठीवर बसून डबा खाल्ला आहे. लोकांनी मला विचारलं काय? सुसर नर होती का मादी, बिडी कुठल्या छापाची, असलं. पण ते हसायची सोय म्हणून. या माणसाने विचारलं ते माहिती हवी म्हणून. त्याचे डोळे माझ्या तोंडावर नव्हते, माझ्या हातांवर होते, आणि माझे हात डब्याएवढं अंतर धरून हवेत थांबले होते. मी ते खाली घेतले. ‘ग्लुकोजच्या,’ मी म्हणालो, आणि ते खरं होतं. माझ्या तोंडून खरं निघालं याचाच मला आधी संशय आला.

डबा खरा होता. दहा बाँडही खरेच होते, म्हणजे माझ्या घरी होते एवढं तरी खरं. होडी तेवढी माझी.

ते असं झालं. कशेळीचा महादू माझा लहानपणापासूनचा सोबती. एक्याऐंशी साली खाडीकडची त्याची भाताची शेतं गोडाऊनवाल्याने घेतली. निम्मी रक्कम कागदावर, निम्मी पिशवीतून. पिशवीतली दाखवायची कुठे, या काळजीने महादू वाळला. तेवढ्यात सरकारनेच ते बाँड काढले. एकेक दहा हजारांचा, त्यावर नाव नाही, गाव नाही, ज्याच्या हातात त्याचा. दहा वर्षांनी घेऊन या, कुठून आणलात ते आम्ही विचारणार नाही. ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही तर आपल्या जातकुळीतली थाप आहे, सरकारला कुणी शिकवली? पण महादूने तीन दलालांकडे तीन वेळा जाऊन ते आणले, आणि एका दुपारी डबा माझ्या मांडीवर ठेवला. व्यवहाराच्या आधी आठच दिवस त्याने आपल्या पोरीकडून, कमळकडून, हक्कसोडीवर सही करून घेतली होती. आमच्याकडे रीतच ती. जमीन विकायची तर बहिणींनी हक्क सोडायचा, भावाने एक साडी द्यायची. दौलतने, तिच्या भावाने, साडीसुद्धा पोचती केली नाही. महादूच्या घशाशी ते अडकलं होतं. ‘हे कमळचं,’ तो म्हणाला. ‘दौलतला कळला तर रातोरात जातील. तारीख भरली का तिला दे.’ मी म्हणालो, ‘आरं पण मीच का? माझ्या तोंडाला झाकण न्हाय, अख्ख्या गावाला ठावं हाय.’ महादू खूश होऊन हसला. म्हणाला, ‘म्हणून तर तू. तू नाक्यावर उभा राहून खरं सांगितलास तरी कोण मानेल? तुझ्या घराएवढी सेफ तिजोरी अख्ख्या भिवंडीत न्हाय.’

मला ते इतकं आवडलं की मी सांगत सुटलो. दहा वर्षं. गुपित उघड्यावर वाळत घालायचं आणि कुणी बघत नाही यात जी गंमत आहे ती चोरून ठेवण्यात नाही. दर वेळी थोडी भर घालत गेलो. आधी होडी आली, मग कोन आले, मग परदेशातला छापखाना. महादू सत्याऐंशीत गेला, त्याच्या तेराव्यालाही मी सांगितली. दौलत स्वतः हसला, पान चघळत म्हणाला, ‘काका, माझ्या बापाकडं दहा बाँड असते तर त्याने तुमच्याकडं कशाला ठेवले असते?’ मी त्याच्याकडे बघून डोळे मिचकावले. कमळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही हसली. तिचा नवरा ट्रक घेऊन इंदूरला गेला तो तिकडचाच झाला होता. वडप्याच्या गोडाऊनात ती खोकी उचलायची. ‘दोन लूम टाकायच्यात काका,’ असं मला म्हणायची, ‘स्वतःच्या. दुसऱ्याची खोकी किती उचलू?’ आणि डब्याबद्दल एक अक्षर बोलायची नाही, कारण बापाने सांगून ठेवलं होतं, एक्याण्णव उजाडेपर्यंत विचारायचं नाही.

आणि आता एक्याण्णवचा जानेवारी उजाडला होता, आणि एक माणूस हसत नव्हता.

तो आठ दिवसांनी परत आला. दुपारी, कोंडू टेबलावर डोकं टेकून झोपला होता तेव्हा. मी त्याला साहेबच म्हणू लागलो होतो, मनातल्या मनात. त्याने नाव सांगितलं नाही, नाव सांगायची परवानगी नाही म्हणाला. खास तपासावर आहे. भिवंडीत खोटे बाँड उतरलेत, समुद्रावाटे, फार मोठ्या किमतीचे, तारीख भरली की बँकांच्या खिडक्यांवर येतील. त्यांचा कोण माणूस कुठे बसवलाय ते अजून कळत नाही. बँकेतलेही काही लोक त्यांना मिळालेले आहेत. ‘म्हणून लडकूभाऊ, बोलायचं ते फक्त माझ्याशी.’ मला भाऊ म्हणाला. ‘तुमची होडीची गोष्ट मी वर कळवली,’ तो म्हणाला. ‘वरचे लोक विचारतात, या माणसाला इतकं बारीक ठाऊक कसं?’ मी म्हणालो, साहेब, होडी मी रचली. तो माझ्याकडे असा बघत राहिला, कीव केल्यासारखा. ‘माणूस रचतो कशातून?’ एवढंच म्हणाला. आणि मग विचारलं, डबा कुणासाठी ठेवलाय? मी सांगितलं. सगळं सांगितलं. महादू, हक्कसोड, कमळ, वडपे. एक शब्द जास्तीचा घातला नाही. थापा मारायला समोर न मानणारा माणूस लागतो. हा मानत होता, तर माझी जीभ सरळ रेषेत चालली, मला स्वतःला ओळखू येईना.

माणूस रचतो कशातून. घरी येऊन मी भिंतीला टेकून बसलो आणि ते वाक्य माझ्या अंगात शिरलं. जानकी, माझी बायको, तांदूळ निवडत होती. ‘बरं न्हाय का?’ म्हणाली. मी हात हलवला. होडी मी रचली खरी, पण पाहिली नव्हती का? चौसष्ट-पासष्ट साल असेल. महादू तेव्हा रेतीच्या होडीवर होता. एका सकाळी मी त्याला हाक मारायला खाडीवर गेलो, ओहोटी लागलेली, चिखलाला तो कुजका गोड वास, आणि महादू होडीतून मेणकापडात बांधलेली गाठोडी काढत होता. मला बघून त्याने वरती गोणपाट टाकलं. ‘काय रं?’ मी विचारलं. ‘सुकट,’ तो म्हणाला. सुकटीला वास कसा नाही असं तेव्हा मला वाटलं होतं का? का आज वाटतंय? मी ती सकाळ परत परत उलगडली आणि दर घडीला तिच्यात काहीतरी नवं निघालं. एकदा गाठोडी चार, एकदा सहा. एकदा महादूबरोबर दुसरा माणूस, टोपीवाला. माझीच आठवण, पण मीच तिला हात लावू शकत होतो आणि मला ते कळत होतं. चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यात मी जे घातलं ते आता माझ्या डोक्यात परत येत होतं, आणि त्यातलं कुठलं मी घातलेलं, कुठलं आधीचं, ते निवडून देणारं कुणी नव्हतं. महादू हसून म्हणाला होता, तुझ्याएवढी सेफ तिजोरी न्हाय. का म्हणाला होता? खरा माल असता तर बँकेच्या लॉकरात नसता ठेवला? पोरीला द्यायचा तर पोरीलाच नसता दिला? जे स्वतःच्या घरात सापडू नये असं वाटतं, तेच माणूस दुसऱ्याच्या घरात ठेवतो. मेलेल्या माणसाचं हसू मी उलटंसुलटं करून बघत होतो, कापड बघावं तसं.

कापड बघणं हाच माझा धंदा. अठ्ठावीस वर्षं मी एका कारखान्यात कापड तपासायला होतो. मोठं टेबल, वरती दुधी काच, काचेखाली ट्यूब जळतेय. त्यावरून तागा ओढायचा, उजेड कापडातून वर येतो आणि चूक काळी दिसते. हातात पितळेचं घडीचं भिंग, इंचात किती धागे बसले ते मोजायला. माझी नजर मशहूर होती. कुठलाही तागा टाका, मी लूमचा नंबर सांगायचो. त्यात जादू नाही. एखाद्या लूमच्या फणीचा एक दात वाकला की त्या लूमवरच्या प्रत्येक ताग्यात, काठापासून त्याच अंतरावर, तीच एक रेघ उतरते. शंभर तागे विणा, शंभरात ती रेघ. दुसऱ्या लूमवर ती नसते, तिथे दुसरी असते. मालक ढीग पुढ्यात टाकून म्हणायचा, ‘लडकू, ये सब चौदा नंबर का माल है क्या?’ आणि मी काठावर बोट ठेवून म्हणायचो, ‘नहीं सेठ, बीच में नऊ नंबर घुसाया है.’ एकदा तर एका कारागिराने बाहेरचा तागा आमच्या ढिगात सरकवला होता, तो मी रेघेवरून काढला. त्या माणसाची नोकरी गेली. तो जाताना माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला होता, हे मला आत्ता का आठवावं?

दुसऱ्या दिवशी जानकी बाजाराला गेली तेव्हा मी माळ्यावरून डबा काढला. दाराला कडी घातली. खिडकीच्या काचेला एकेक बाँड उजेडाशी धरला आणि डोळ्याला भिंग लावलं. दहा वर्षांत मी त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. बारीक बारीक रेघांची वेलबुट्टी, एकात एक गुंतलेली, असं विणकाम आमच्या कुठल्या लूमला जमायचं नाही. मला क्षणभर अभिमानच वाटला, कुणाचा ते माहीत नाही. मग उजव्या काठाला, वरून चौथ्या वेटोळ्यात, एक रेघ तुटलेली दिसली. केसाएवढी फट. मी दुसरा बाँड घेतला. उजवा काठ, चौथं वेटोळं. फट. तिसरा. फट. दहाही बघितले आणि दहाव्यानंतर पहिला परत बघितला. महादूने हे तीन दलालांकडून तीन वेळा आणले होते. सरकार एवढं मोठं, देशभर बाँड काढलेले, त्याच्या छापखान्यात निदान पाचपन्नास लूम तरी असतील, म्हणजे छापायची जी काय यंत्रं असतात ती. तीन ठिकाणचा माल आणि दहाही तागे एकाच लूमचे? मी बोट त्या फटीवर ठेवलं. अठ्ठावीस वर्षांत हे बोट एकदाही चुकलं नव्हतं. हा सगळा माल एका घरात, एका यंत्रावर निघालाय. माझ्या होडीतून आलाय.

वाल्मीकला विचारावं असं मनात आलं. वाल्मीक आमच्याच आळीच्या टोकाला बुद्धवाड्यात राहतो. त्याच्या बापाने आणि मी एकाच शाळेत मार खाल्ला, आणि हा पोरगा शिकून बँकेत कॅशियर झाला. रस्त्यात भेटला की सायकलवरून उतरतो. दोनदा मी त्याच्या घरापर्यंत गेलो. तो व्हरांड्यात पेपर वाचत होता. ‘या काका, वाघ कसाय?’ त्याने हसत विचारलं. आणि मी त्याच्या घराकडे बघितलं. नवीन फरशी. स्कूटर, झाकण घातलेली. बँकेतलेही काही मिळालेले आहेत. ‘वाघाचं ठीक हाय, बिडी सोडलीय,’ मी म्हणालो आणि मागे फिरलो. त्याची बायको द्रौपदी चहा घेऊन बाहेर आली होती, ती कपबशी धरून तशीच उभी राहिली. माझ्या हातून चहा नाकारला गेला असं आजवर झालं नव्हतं. ज्या पोराला मी खांद्यावरून जत्रेला नेलं, त्याच्या फरशीचा मी हिशेब करत घरी आलो. संशय असा असतो, तो तुम्हाला हुशार झाल्यासारखं वाटायला लावतो. त्या आठवड्यात मी आयुष्यात सगळ्यात हुशार होतो.

साहेबाने डब्याबद्दल काही मागितलं नव्हतं. मीच म्हणालो. ‘साहेब, दहाही एकाच लूमचे आहेत.’ त्याने मान हलवली, जणू फार वाईट बातमी मी त्याला दिली. मग म्हणाला, ‘पोरीला ठाऊक आहे?’ मी म्हणालो, डबा आहे एवढं ठाऊक असेल, त्यात काय ते नाही. ‘ती खिडकीवर गेली की तिथेच धरतील,’ तो म्हणाला. ‘मग मीही काही करू शकणार नाही. लहान मूल आहे का तिला?’ कमळची मुलगी सहावीत होती. माझ्या डोळ्यांपुढे गोडाऊनची खोकी आली, आणि खोक्यांच्या मागे गज. मीच म्हणालो, साहेब, तुम्हीच घेऊन जा. तो नको म्हणाला! मला विचार करायला सांगितलं. घरात विचारून घ्या म्हणाला. मी हात जोडले तेव्हा कुठे तयार झाला.

कशेळीच्या पुलाच्या अलीकडे, वजनकाट्याजवळ, दुपारी बारा वाजता. ट्रकांची रांग लागलेली, क्लीनर टायरांवर हातोडी मारत फिरत होते. समोर महादूच्या शेतावरची गोडाऊनं, पत्रे इतके चमकत होते की बघवेना. साहेबाने डबा उघडला, मोजले नाहीत, एकेक कागद बघितलाही नाही, नुसता वरच्यावर हात फिरवला, तेव्हा मला वाटलं, काय विश्वास आहे माझ्यावर! पिशवीतून पावतीपुस्तक काढून पावती फाडली. त्यावर जांभळा गोल शिक्का. ‘ही जपून ठेवा. भाऊ, तुम्ही देशाचं काम केलंत.’ एवढं कुणी मला म्हटलं नव्हतं. तो रिक्षात बसला. मी खाडीकडे बघत उभा राहिलो. ओहोटी होती, चिखलाला तोच वास. मला हलकं वाटत होतं, इतकं की जानकीला सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलंही. ती वाटण वाटत होती. ‘बरं,’ म्हणाली, ‘आणि सुसर कशी हाय?’

मार्च उजाडला आणि कमळ आली.

दुपारची तीनची वेळ. ती दोन बस बदलून आली होती, हातात पेढ्यांचा पुडा. जानकीच्या पाया पडली, माझ्या पडली. ‘काका, तारीख भरली,’ म्हणाली आणि हसली, लहानपणी दात पडला तेव्हा हसायची तशी. मी तयारीत होतो. सगळं जुळवून ठेवलं होतं. तिला जवळ बसवून म्हणालो, ‘कमळ, धीर धर. ते बाँड खोटे होते.’

‘खोटे?’ तिला कळेना. ‘कसे खोटे? माझा तर वटला.’

कुठेतरी एखादी लूम बंद पडावी तसं झालं. ‘तुझा कुठला?’

‘बाबांनी अकरा आणले होते. एक माझ्याकडं दिला. बोल्ले, कुणाला माल दिला तर त्या मालाचा तुकडा आपल्याजवळ ठेवावा, लडकूच शिकवतो सगळ्यांना. डबा मिळाला का जुळवून बघ.’ ती जराशी ओशाळली. ‘तुमच्यावर न्हाय हो काका. बाबांचा स्वभावच तसा. मी पंधरा दिवसांमागं वाल्मीकदादाकडं नेला. त्याने आत पाठवला, आठ दिवसांत पैसे हातात. एक शब्द विचारला न्हाय कुणी.’

हे माझंच होतं. कारखान्यात ऑर्डर आली की मी नमुन्याचा चौकोन कापून खिशात ठेवायचो, माल आला की काठाला काठ लावून बघायचो, आणि महादूला हे शंभरदा फुशारकीने सांगितलं होतं. तो खाडीतला माणूस, कापडाशी त्याचा संबंध नाही. त्याने माझ्याकडून एकच गोष्ट शिकली आणि ती माझ्यावर वापरली. सेफ तिजोरी म्हणून हसताना त्याच्या दुसऱ्या खिशात तुकडा होता. राग यायला हवा होता. मी विचारलं, माझा आवाज मलाच लांबून आला, ‘त्या तुझ्या कागदावर, उजव्या काठाला, वरून चौथ्या वेटोळ्यात, रेघ तुटलेली होती?’

‘होती ना,’ कमळ म्हणाली. ‘ती खूण बघूनच जुळव असं बाबा बोल्ले होते.’

म्हणजे सरकारचीही एकच लूम होती. किंवा एकच फणी, एकच वाकलेला दात, आणि जेवढे म्हणून छापले त्या सगळ्यांवर तीच एक फट. अठ्ठावीस वर्षं ज्या डागावरून मी माल आपल्या घरचा आहे म्हणून पास केला, त्याच डागावरून या खेपेला परका ठरवला. एवढं साधं. काठाला काठ लावायला दुसरा तुकडा माझ्याकडे नव्हता आणि मी तो कुणाकडे मागितला नाही.

‘डबा द्या काका,’ कमळ म्हणाली. ‘दोन लूम बघून आलेय. जुन्या हायत, पण चालतील. उद्या विसार द्यायचा हाय.’

मी सांगितलं. सफारीवाला, चहावरची साय, खास तपास, पुलाजवळचा वजनकाटा. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की ही गोष्ट मी आजवर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींसारखीच आहे. तीच चाल, तेच थांबे. डबा कुठल्या बिस्किटांचा, इथे ऐकणारा पुढे सरकतो. होडीसुद्धा होतीच. कमळ आधी हसत ऐकत होती, मी शेवटी काहीतरी गमतीचं बोलेन आणि माळ्यावर चढेन, अशी वाट बघत. मग तिने जानकीकडे पाहिलं. जानकीने पदराने तोंड झाकलं होतं. मी कपाटातून पावती काढून दिली. कमळने ती हातात घेतली, शिक्क्यावर अंगठा फिरवला, अंगठ्याला जांभळं लागलं. ताग्यांवर मारतात ती शाई, महिनोन्महिने हाताला लागत राहते, कुणाही भिवंडीकराला ठाऊक आहे. मला ठाऊक होती. मी भिंग लावलं ते दहा खऱ्या कागदांना, आणि या एकाला नुसत्या डोळ्याने पास केलं.

‘असा शिक्का मंडईत करून मिळतो काका,’ कमळ म्हणाली, अगदी हळू. ‘तुम्ही कुठं केलात?’

जानकी मध्ये पडली. ‘आगो, ह्यांनी मना तवाच सांगितलं होतं. मीच मानला न्हाय.’

‘काकी, तुला तर वाघाचंही सांगितलेलं.’

मी उठलो, बसलो. दाराबाहेर आमची दोन गुंठे जागा, चिंच आणि तिच्याखाली जानकीची दगडी उखळी. दलाल वर्षभर फेऱ्या घालत होते. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. ‘ही जागा तुझ्या नावावर करतो,’ मी म्हणालो. ‘उद्याच जाऊ कचेरीत. कमळ, लूम टाक इथं.’

कमळचा चेहरा बदलला. मला वाटलं होतं रडेल. ती रडली नाही. ती पाठीमागे सरकली, भिंतीपर्यंत. ‘म्हणजे डबा तुमच्याकडंच हाय,’ ती म्हणाली. ‘न्हायतर कोण कुणाला जागा देतो? माझ्या सख्ख्या भावाने दिली न्हाय.’

बाहेर लूम चालू होत्या, मला ऐकू येत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या नुसत्या बसल्या बसल्या ऐकू येत होत्या, एकेक वेगळी.

‘परत सांगा,’ कमळ म्हणाली. ‘पहिल्यापासून. सफारी कुठल्या रंगाची होती?’

‘बिस्किटी,’ मी म्हणालो.

‘मघाशी राखाडी बोल्लात.’

राखाडीच होती. नक्की राखाडी. का मी मघाशी चुकलो होतो? मी डोळे मिटले, आणि कोपऱ्यातला माणूस एकदा राखाडी दिसला आणि एकदा बिस्किटी, आणि दोन्ही वेळा त्याच्या चहावर साय होती. डोळे उघडले तर कमळने खिडकीच्या फळीवरचं माझं पितळेचं भिंग उचललं होतं. पावती तिने उजेडाशी धरली, बराच वेळ बघितली, खाली ठेवली. भिंग हातात तसंच होतं. मग ती माझ्याकडे बघू लागली, काठापासून काठापर्यंत, घाई न करता, आणि ती नजर मी ओळखली, कारण ती अठ्ठावीस वर्षं माझी होती.

‘सांगा काका.’

मी घसा खाकरला. ‘त्या दिवशी टपरीवर सगळे हसले,’ मी सुरुवात केली. कमळ हसली नाही.